लिफ्टचं नंतर बघू, आधी लसीची तारीख दाखवा

ठाणे शहरातल्या सर्व सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, ट्रेझरर आणि कमिटी मेंबर यांस,

सप्रेम नमस्कार.

एजीएमचा, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेचा मोसम आहे. 30 सप्टेंबरच्या आत सभा उरकायची म्हणून आपण सगळेच ऑडिट रिपोर्ट, सिंकिंग फंड आणि टेरेसच्या गळतीची कोटेशनं यांत बुडालेलो आहोत. अजेंड्याच्या शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" असं आपण लिहितो खरं, पण ते आयत्या वेळचे नसतातच. पहिला पार्किंग, दुसरा कुत्रा. मी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीची सेक्रेटरी आहे. या दुसऱ्या विषयावर जेवढे आवाज चढलेले ऐकले, तेवढे मेंटेनन्स वाढवतानाही ऐकले नाहीत. आवाज चढायलाही माझी हरकत नाही, तो नको तिथे चढतो एवढंच म्हणणं आहे.

नातेवाइकांकडे, ओळखीपाळखीत कुठल्याही बिल्डिंगमध्ये गेले की लिफ्टपाशी लावलेल्या नोटिसा वाचायची मला सवय लागली आहे. नौपाड्यातली चार मजली जुनी इमारत असो की मानपाड्याचा टॉवर, कुत्र्यांबद्दलचा मजकूर साधारण सारखाच. मेन लिफ्ट बंद, सर्व्हिस लिफ्ट वापरा. गार्डनमध्ये आणू नका. घाण केल्यास अमुक रुपये दंड. एका ठिकाणी तर "भुंकण्यास सक्त मनाई" असंही होतं, ते कुत्र्याने वाचावं अशी अपेक्षा असावी. "आपल्या कुत्र्याला रेबीजची लस कधी दिली आणि पुढची कधी आहे, ते सोसायटीच्या ऑफिसात कळवा," हे वाक्य मात्र मला अजून एकाही भिंतीवर दिसलेलं नाही.

त्यात आपण भिंतीवर जे लिहितो, त्यातलं बरंचसं टिकणारं नाही. केंद्र सरकारच्या पशुकल्याण मंडळाने 26 फेब्रुवारी 2015 ला सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट सरसकट नाकारता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसे लावता येत नाहीत, हे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे ज्यावर आपण दोन-दोन तास भांडतो ते आपल्या हातात फारसं नाहीच. मेंबर वकिलाची नोटीस पाठवतो, आपण नोटीस गुपचूप काढतो, आणि पुढच्या वर्षी नवी कमिटी तीच पुन्हा लावते.

आता हातात काय आहे ते बघा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली 10 मार्च 2023 ला प्राणी जन्म नियंत्रण नियम अधिसूचित झाले. पाळीव प्राण्याचं लसीकरण, जंतनाशक औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, असं त्यात सरळ म्हटलंय. महापालिकेचा श्वान परवाना वेगळा. तो घ्यायचा तर पशुवैद्याने दिलेलं रेबीज लसीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि ताब्यातला प्राणी कोणाला इजा करणार नाही याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे सगळं मालकाला आधीच लागू आहे, सोसायटीने नवा नियम शोधून काढायची गरज नाही. "दाखवा" म्हणायचं, बस्स.

पण आपण म्हणत नाही. गाडीला स्टिकर लावल्याशिवाय गेट उघडत नाही. भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन मागतो. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या आधारची झेरॉक्स, फोटो, गेटपास, सगळं फायलीला. त्या मावशींना ज्याच्याकडून चावा बसू शकतो, त्याच्या लसीचं पान मात्र कोणी पाहिलेलं नसतं.

आमच्याच आवारात घडलेलं सांगते. दुपारची वेळ, सी विंगची लॉबी. लिफ्टचं दार उघडलं, आतला लॅब्रेडोर पट्ट्यासकट बाहेर झेपावला आणि समोर उभ्या मावशींच्या पोटरीला त्याचे दात लागले. रक्त आलं. वॉचमन काका धावत आले, माणूस प्रेमळ. त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली आणि चुन्याचं बोट जखमेपर्यंत नेलं. तेवढ्यात बी विंगमधल्या, सरकारी हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या सिस्टर तिथे पोचल्या म्हणून बरं. त्यांनी काकांचा हात झटकला, मावशींना बागेच्या नळाशी बसवलं आणि कपड्यांच्या साबणाच्या वडीने, वाहत्या पाण्याखाली जखम धूत राहिल्या. मावशी म्हणतायत, "बास झालं ताई, कामं खोळंबलीत." सिस्टर घड्याळाकडे बघून म्हणतायत, "पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं."

मालक-मालकीण खाली आले. माणसं वाईट नाहीत, घाबरली होती. "अहो ताई, आमच्याकडे लायसन आहे त्याचं," असं म्हणून त्यांनी लॅमिनेट केलेला परवाना आणून दाखवला. मी लसीचं पुस्तक मागितलं. ते शोधायला वेळ लागला. त्यात पिल्लू असतानाच्या पानांवर सगळे स्टिकर ओळीने चिकटवलेले, आणि रेबीजच्या शेवटच्या नोंदीपुढे "नेक्स्ट ड्यू"च्या रकान्यातली तारीख उलटून वर्ष होऊन गेलेलं. घर बदलताना राहून गेलं म्हणे. लॅमिनेट केलेल्या परवान्याची मुदतही त्याच्या आधीच संपली होती, पण लॅमिनेशन इतकं चकचकीत की ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मावशींना पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस. तारखांची चिठ्ठी त्यांनी मोबाईलच्या कव्हरमध्ये घडी घालून ठेवली होती. दर तारखेला दोन घरांची कामं बुडायची. कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर होता, ठणठणीत राहिला, मावशीही बऱ्या आहेत. आणि त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा कशाची झाली असेल? कुत्रा मेन लिफ्टने खाली आणला की सर्व्हिस लिफ्टने.

रेबीजमध्ये लक्षणं एकदा दिसली की उपचार नाही. डॉक्टर काही करू शकत नाहीत, मग हॉस्पिटल कितीही मोठं असो. त्याउलट चावल्याबरोबर जखम नीट धुतली, लस वेळेवर सुरू केली आणि रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं) टोचून घेतलं, तर माणूस वाचतो. चावा आणि लक्षणं यांच्यामध्ये बहुतेक वेळा काही आठवडे ते काही महिने जातात, आणि तिथेच घात होतो. जखम भरते, माणूस विसरतो. शिवाय आपल्याकडे अजून पुष्कळांच्या डोक्यात "पोटात चौदा इंजेक्शनं" बसलेली आहेत. ती जुनी लस देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आताची दंडावर घेतात. तरी त्या भीतीने लोक हळद, चुना, मिरची लावून घरी बसतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासाचा अंदाज आहे की देशात दरवर्षी साधारण 5,700 माणसं रेबीजने दगावतात. माणसाला होणाऱ्या रेबीजचं मूळ जगभरात 99 टक्क्यांपर्यंत कुत्र्याच्या चाव्यात असतं. म्हणून माणसाच्या लसीआधी कुत्र्याची लस.

दहा दिवसांचा हिशेबही समजून घ्या, कारण तिथे सोसायटीचं रजिस्टर कामाला येतं. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणांच्या आधी अगदी थोडे दिवस. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं डॉक्टर धरतात. लस मात्र त्यासाठी थांबवायची नाही, पहिल्याच दिवशी सुरू करायची. हे तेव्हाच जमतं जेव्हा कुत्रा कोणाचा, कुठल्या फ्लॅटचा आणि त्याची लस कधीची, हे पाच मिनिटांत सांगता येतं. डिलिव्हरीच्या मुलाला चावा बसला आणि संध्याकाळपर्यंत कोणीच "आमचा" म्हणायला पुढे आलं नाही, असं कुठल्याही मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये होऊ शकतं.

कागद बघताना काय बघायचं, तेही सांगते. हे मी आमच्या भागातल्या एका पशुवैद्यांकडून शिकले. नोंदीत लसीच्या बाटलीवरचा स्टिकर हवा, त्यावर बॅच नंबर असतो. शेजारी तारीख, पशुवैद्याची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. नुसतं पेनने "एआरव्ही (म्हणजे रेबीजची लस) दिली" लिहिलेलं असेल तर विचारा, कोणी दिली. ही लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते. मेडिकलमधून आणून, रिक्षातून उन्हात फिरवून, ट्रेनर किंवा ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून घेतलेल्या लसीचा भरवसा कोणी द्यायचा? दुसरी गोष्ट पिल्लांची. पिल्लू विकत देणारे पुष्कळदा "सगळी इंजेक्शनं झालीत" म्हणून कार्ड हातात देतात. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, त्याआधी दिली असेल तर पुन्हा द्यावी लागते. दीड महिन्याच्या पिल्लाच्या कार्डावर रेबीजचा शिक्का बघून कोणी निर्धास्त होऊ नये. पुढे बूस्टर, आणि मग आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दरवर्षी. पशुवैद्याने पुढची जी तारीख लिहिली असेल तीच रजिस्टरमध्ये चढवायची, आपण डॉक्टरकी करायची नाही.

"आमचा तर घराबाहेर जातच नाही," हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल. जो लिफ्टने दिवसातून दोनदा खाली येतो तो घराबाहेर जातो. आणि मांजरवाल्यांनो, हसू नका. मांजरालाही रेबीज होतो, मांजरामुळे माणसालाही होतो. पुण्यात महापालिकेने 2022 मध्ये मांजरांच्या नोंदणीचाही निर्णय घेतला. माझ्या घरी मांजर आहे, तिचं पुस्तक सोसायटीच्या फायलीत पहिलं लागलंय, नाहीतर लोकांनी मला सोडलं नसतं.

आता भटक्या कुत्र्यांकडे येते. हा भाग लांबणार आहे, कारण पाळीव कुत्र्यांचा विषय काढला की "आधी खालच्यांचं बघा" असं उत्तर येतं.

खालच्यांची लस आणि नसबंदी ही त्याच 2023 च्या नियमांप्रमाणे महापालिकेची जबाबदारी आहे. नसबंदी करून सोडलेल्या कुत्र्याच्या कानाला काप दिलेला असतो. आपल्या आवारातल्या कुत्र्यांचे कान एकदा नीट बघा. काप नसलेला दिसला तर प्रभाग समितीकडे लेखी कळवा, पोच घ्या. पण काप दिसला म्हणून विषय संपला असंही धरू नका. कानाचा काप जन्मभर राहतो, त्या वेळी दिलेल्या लसीचा असर राहत नाही. ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. मेंबरच्या घरातला लॅमिनेट परवाना आणि खालच्या कुत्र्याचा कापलेला कान, दोन्हीकडून तारीख कळत नाही. खालच्यांचीही वही ठेवा. रंग, नर की मादी, कान, लस कधी. खाऊ घालणारे मेंबर प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांना एकेक कुत्रा नावानिशी ठाऊक असतो. त्यांच्याशी भांडण्यात वर्षं घालवण्यापेक्षा लसीच्या दिवशी कुत्रा धरून ठेवायला त्यांनाच बोलवा. जाळीवाल्यांना बघून पळणारा कुत्रा त्यांच्या हातून बिस्कीट खातो. त्याच नियमांत खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याचं काम सोसायटीकडे दिलंय. जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून लांब हवी, एवढी अट आहे. ते एकदा ठरवून टाका.

आणि ते "येऊरला सोडून येऊ" बंद करा. हे आपल्याकडे दबक्या आवाजात बोललं जातं, टेम्पोवाल्याशी ठरतंही. नियमाप्रमाणे नसबंदी आणि लसीनंतर कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो, आणि येऊर हे बिबट्याचं जंगल आहे, आपलं गोदाम नाही. त्याहून साधी गोष्ट म्हणजे ओळखीचे, लस झालेले चार कुत्रे हलवले की मोकळ्या जागेत आणि उरलेल्या कचऱ्यावर दुसरे चार येतात. त्यांची लस झालीय की नाही, देव जाणे. कुत्र्यांमधला रेबीज थांबवायला एखाद्या भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस दिलेली असावी लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण लस झालेले बाहेर काढून बिनलसीचे आत घेतो.

सुप्रीम कोर्टाच्या नावाने फिरणाऱ्या फॉरवर्डबद्दलही दोन शब्द. भटके कुत्रे उचलण्याचा 11 ऑगस्ट 2025 चा आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी होता. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लस झालेले कुत्रे त्यांच्या जागी परत सोडायचे, रेबीज झालेले किंवा तसा संशय असलेले आणि आक्रमक सोडायचे नाहीत, खाऊ घालण्याच्या जागा ठरवायच्या. 7 नोव्हेंबरचा आदेश शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, क्रीडासंकुलं, बस डेपो आणि रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातले कुत्रे हलवण्याबद्दल आहे. "कोर्टाने सांगितलंय, सगळे उचला" असा त्यातून सोसायट्यांसाठी अर्थ काढून कोणी काठ्या घेऊन उतरू नये.

काही जण विचारतील, मेंबरकडे असे कागद मागायचा सोसायटीला अधिकार काय? महापालिकेचा परवाना तपासण्याचा अधिकार महापालिकेचाच, दंडही तिचाच. आपण फक्त प्रत मागून नोंद ठेवायची. देणार नाही म्हणणाऱ्याशी हुज्जत नको, "मागितली, दिली नाही" एवढं रजिस्टरमध्ये तारखेसह लिहा आणि त्याची सही घ्या. उद्या काही झालं तर 291 कलमाच्या वेळी ती ओळ कोणाच्या कामी येईल, हे त्याला न सांगताही कळेल. आणि कृपा करून ती यादी व्हॉट्सअॅपवर टाकू नका. फ्लॅट नंबर, कुत्र्याचं नाव आणि लसीची तारीख ऑफिसात आणि गेटवरच्या वहीत असली की पुरे.

गोव्यात वर्षानुवर्षं सातत्याने कुत्र्यांना लस टोचत राहिल्यावर माणसांमधला रेबीज जवळजवळ नाहीसा झाला. देशाचं उद्दिष्ट 2030 चं आहे, 28 सप्टेंबर 2021 ला राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला तेव्हा ठरलेलं. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. आपल्या एजीएमच्या मुदतीच्या दोन दिवस आधी येतो, म्हणून शिबिराला तोच आठवडा धरा. मांडव गणपतीचा असतोच, पशुवैद्य अगोदर ठरवा, बर्फाची पेटी त्यांच्याकडे असते. आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्या एकत्र आल्या तर खर्चही विभागला जातो. पाळीवांच्या लसीचे पैसे मालकांनी द्यावेत. आवारातल्यांसाठी महापालिकेला पत्र द्या, नाही जमलं तर वर्गणी काढा. दिवाळीच्या लाइटिंगपेक्षा कमीच लागेल.

ठरावाचा मसुदा देते, हवा तसा बदला:

"सोसायटीच्या आवारात कुत्रा वा मांजर पाळणाऱ्या प्रत्येक सभासदाने व भाडेकरूने महापालिकेच्या श्वान परवान्याची (कुत्रा असल्यास) व रेबीज लसीच्या चालू नोंदीची प्रत एक महिन्याच्या आत कार्यालयात जमा करावी. पुढील लसीची तारीख नोंदवहीत लिहावी व तारखेच्या पंधरा दिवस आधी संबंधितांस आठवण द्यावी. आवारातील भटक्या कुत्र्यांची स्वतंत्र नोंद ठेवून नसबंदी व लसीकरणासाठी प्रभाग समितीशी पत्रव्यवहार करावा. दरवर्षी सप्टेंबरमध्ये लसीकरण शिबिर घ्यावे. पाळीव कुत्र्याचा चावा बसल्यास जखमी व्यक्तीच्या, ती सभासद नसली तरी, उपचारांचा, प्रवासाचा व बुडालेल्या मजुरीचा खर्च मालकाने द्यावा."

शेवटच्या वाक्यावर वाद होईल, आमच्याकडेही झाला. "ती सभासद नसली तरी" हे शब्द गाळू नका, चावे बहुतेक त्यांनाच बसतात जे एजीएमला येऊ शकत नाहीत.

सूचक आणि अनुमोदक तुमचे तुम्ही शोधा. आमच्याकडे सूचक लॅब्रेडोरचे मालक होते, आणि अनुमोदन दिलं ते गेली कित्येक वर्षं कुत्र्यांच्या नावाने खडे फोडणाऱ्या ए विंगच्या काकांनी. लिफ्टचा मुद्दा त्या दिवशी वेळेअभावी राहिला.

आपली,
घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीची सेक्रेटरी
ठाणे (पश्चिम)